पूर्वेस व्हाळ

चोडणची फेरीबोट सुटायला अजून चार मिनिटं.
रेलिंगला टेकून मी फोनच्या पडद्याचे दोन भाग करते.
वर एकोणीसशे अकराचं पोर्तुगीज खरेदीखत,
खाली बाबांनी केलेलं त्याचं मराठी,
आखीव कागदावर, स्कॅन करताना तिरकं गेलेलं.

मधली काळी पट्टी अंगठ्याने खालीवर होते.
खत वाढवलं की बाबा चार ओळींचे उरतात,
बाबा वाढवले की नोटरीची सही पाण्याखाली जाते.
(मांडवी शेजारी आहे म्हणून सुचलं असेल.)

दोन्ही एकदम सरकवायची सोय आहे अ‍ॅपमध्ये,
ती कामाची नाही.
तिकडे क्रियापद सुरुवातीलाच विकून मोकळं होतं
आणि मग पानभर माड, भाऊबंद, मिठागर.
आपल्याकडे सगळे माड मोजून झाल्यावर
शेवटी कुठे 'विकले' येतं.
तोवर वरचा कागद पुढच्या पानावर.

कितेरियाबाईंना एवढंच हवंय
की पूर्वेची हद्द कुठे संपते.
वर नेमकं तिथे वाळवीने पाडलेलं भोक,
भोकाच्या काठाला एका अक्षराची नुसती शेपटी.
खाली बाबांचं: पूर्वेस व्हाळ.
पुढे पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह.
'ओढा' लिहिता आलं असतं, नाही लिहिलं.

सर्व्हेचा नकाशाही पाहायचाय.
अ‍ॅप म्हणतं, दोनच.
तिसरं उघडायचं तर एक मिटा.
बोट सुटली, इंजिनाच्या थरथरीने
दोन्ही कागद हातात कापायला लागले.
सायकल धरून उभा पदेर केव्हाचा बघतोय.
"व्हडलो मोबायल घे गो बाय."

मी खरेदीखत मिटलं.
मूळच मिटतेस? बाबा ओरडले असते.
नकाशात निळी रेघ नाहीच.
एक नंबर, आणि काळी हद्द सरळसोट,
पट्टीने मारलेली.
व्हाळ कधी सरळ जातो?

दोन बोटांनी मी ते प्रश्नचिन्ह ताणत गेले,
शिशाचे दाणे सुटे दिसेपर्यंत.
खालचा ठिपका कधीतरी खोडायला घेतलेला,
अर्धाच खोडलेला.

धक्क्यावर कितेरियाबाई,
पायांत मुलाचे गमबूट, हातात कोयती.
"पूर्वेक व्हाळ आसलो?" मी उतरता उतरता विचारलं.
"सुकला," त्या म्हणाल्या. "पूण आसा."
आणि वळून चालायलाच लागल्या.

मागोमाग मी,
फोन पर्समध्ये, नऊ टक्क्यांवर,
दोन्ही खिडक्या उघड्याच.