चौथा हलवायचा

मुलुंडच्या शेवटच्या इमारतीमागे रस्ता संपतो,
पण त्याला ते पटलेलं नसतं,
थोडा वेळ पायवाट होऊन चालतो
आणि एका काळ्या कातळाशी येऊन गप्प होतो.

तिथं यमुना वांगडनं माझ्या बुटांकडे पाहिलं.
"नवे?"
"कालच घेतले."
"म्हणजे आज तेच शिकणार. तुमचं बघू."

आम्ही पाच जण. कॉलेजातली दोन पोरं,
बँकेतल्या कामत बाई, त्यांचा सारखा शिंकणारा भाचा,
आणि मी, तेहतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस.
उंचीचं मला काही नाही, मी सगळ्यांना सांगून ठेवलेलं.
पण माझी उंची चार भिंतींतली,
काळोखी, ग्रीसच्या वासाची,
खाली पाहिलं तर केबिनचं छप्पर
आणि त्यावर कुणाचा तरी विसरलेला पाना.
इथं खाली पाहिलं तर
डावीकडे जंगल, त्यात तुळशीच्या पाण्याचा तुकडा,
उजवीकडे अख्खं मुलुंड, गच्च्यांवर वाळणाऱ्या चादरींसकट.
मधे धार.
म्हशीच्या पाठीएवढी, तीही हडकुळ्या म्हशीच्या.

"तीन ठिकाणी धरायचं, चौथा हलवायचा.
दोन पाय एक हात, नाहीतर दोन हात एक पाय.
ज्याला दोन एकदम हलवायचेत
त्यानं खाली जाऊन वरातीत नाचावं."

ती पुढे. प्रत्येक दगडावर बोटांची पेरं वाजवी,
झोपलेल्या घराचं दार वाजवावं इतकं हळू,
आणि कान देई.
"हा भरीव. धरा.
हा पोकळ बोलतोय. याला नमस्कार करा आणि सोडा."

बेचकीपाशी माझा डावा गुडघा
शिवणयंत्रासारखा चालू झाला.
पुढची खाच दिसत होती, दीड हातावर,
सकाळच्या उन्हात पालीसारखी पडलेली.
मागे भाचा शिंकला.
मला वाटलं, आता दोर येईल, हात येईल.
यमुना फक्त खाली वाकली.
"घाबरायचं तर घाबरा," म्हणाली,
"पण हात तिथंच ठेवून घाबरा."

घाबरलो. हात तिथंच ठेवून.
किती वेळ ते कामत बाईंना विचारा, त्या मोजत होत्या.
मग पाय आपसूक गेला,
जणू इतका वेळ माझ्याच परवानगीसाठी थांबलेला.

माथ्यावर तिनं भाकरी सोडली, सुकटाची चटणी.
"काम काय करायचात?"
लिफ्ट, म्हटलं.
तिचा घास हातातच राहिला.
"आमचा पाडा उठवला ना. सातवा मजला दिला.
चार वर्षं झाली, मी नाय बसले एकदाबी.
दार लागलं की धरायला काय नसतं."

मी सांगितलं तिला. पोलादी दोर असतात, चार-सहा.
एकटा दोर सगळ्यांना पेलेल असा प्रत्येक.
समजा सगळेच तुटले,
तर केबिनच्या खालचे दात रुळांना चावतात,
तिथल्या तिथे.
ती ऐकत होती, दगडाचं ऐकते तशी,
मान जराशी एका बाजूला.
"ते दात तुम्ही पाहिलेत?"
"या हातांनी साफ केलेत."
तिनं माझे हात पाहिले, उलटसुलट.
आजचं खरचटलेलं तेवढंच ताजं होतं.
मग पाणी प्यायली आणि म्हणाली, "उठा. ऊन चढतंय."

उतरताना तोंड कातळाकडे.
खालचं काही दिसत नाही,
दिसतं ते नाकासमोर, वाळलेलं शेवाळ, एक लाल कोळी,
आणि तिनं माझी टाच धरून खाचेत बसवली
दिव्यात वात बसवावी तशी.

पायथ्याशी पोरं फोटो काढत होती.
माझा गुडघा अजून वरच होता बहुतेक.
यमुनानं पैसे मोजले, कनवटीला लावले,
चार पावलं गेली, परत आली.

"रविवारी मोकळे असाल तर या.
आमची लिफ्ट चौथ्या मजल्यावर करकरते.
मी जिन्यानं येते, तुम्ही तिला कान लावा.
सांगा,
पोकळ बोलते का."