दुसऱ्या कडव्याआधी

मुलाखतीत विचारतात, कोण होती ती?
मी नुसता हसतो.
हसलं की लोक आपापलं कुणीतरी तिथं उभं करतात
आणि गाणं आणखी थोडं चालतं.

खरं सांगायचं तर तासगाव.
बॅटरीच्या दुकानावरची खोली,
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले.
खाली ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्जिंगला लागल्या
की वर माईकमध्ये भुंगा शिरायचा.

निर्मात्याचा फोन आला तेव्हा बेदाण्याचा हंगाम ऐन भरात.
म्हणाला, मध्यंतराआधी एक हळुवार पाहिजे.
ती फलाटावर, तो गाडीत.
रडू यावं, पण फार नको,
लोक उठून वडापाव घ्यायला गेले पाहिजेत.
परवापर्यंत द्या.

चाल दोन तासांत झाली. शब्द अडले.
रात्री साडेदहाला खालून बिराजदार ओरडले,
रोज ओरडतात तसे:
जाताना शटर ओढून घे रे!
मी शटरचं दार केलं,
‘रे’ काढून टाकला.
एवढंच माझं त्या गाण्यातलं काव्य.
आता त्या ओळीवर पोरंपोरी मनगटं गोंदवून घेतात.

कच्चं गायला रफिका नायकवडी.
दिवसा सावळजच्या रस्त्याला शेडवर, चाळणीपाशी,
काड्या वेगळ्या, काळे वेगळे, हिरवे वेगळे.
पूर्वी तीन वर्षं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात होती.
आली तेव्हा ओढणीला वास,
काड्यापेटी अख्खी एकदम पेटवल्यासारखा.
मी म्हटलं, हे फक्त नमुन्याला, पुढं मुंबईत मोठी बाई गाईल.
म्हणाली, म्हाईत हाय की,
लाईट जायच्या आत घ्या.

एका दमात गायली.
एका दमात म्हणजे, दुसऱ्या कडव्याआधी
तिनं श्वास घेतला तो अर्ध्यावर अडला,
आत कुठंतरी बारीक खरखरला,
मग उरलेला आला.
म्हटलं, उद्या कापू.
लाईट गेली. उद्या उजाडलाच नाही त्या फाइलला,
तशीच पाठवली.
पाचशेच्या तीन नोटा तिनं मोबाईलच्या कव्हरात सरकवल्या.

मुंबईची बाई आमच्यापेक्षा चांगलीच गायली, खोटं कशाला बोलू.
सूर घासून लख्ख, एकेक अक्षर धुतलेलं.
पण ती जागा येईना.
अकरा वेळा श्वास घेतला तिनं,
अकराही वेळा तो नीट आला.
शेवटी काचेपलीकडच्या पोरानं
माझ्या फाइलमधून दोन सेकंद उचलले
आणि तिथं टाचले. कुणाला विचारलं नाही.
मलाही त्यानं पावसाळ्यात सांगितलं,
दुसऱ्याच कामाच्या फोनवर, जाता जाता.

मग पेपरात आलं:
‘त्या एका श्वासात अख्खा विरह कोंडला आहे.’
कात्रण घेऊन मी शेडवर गेलो.
रफिकानं हात न थांबवता वाचलं.
विरह कसला वं, गंधक हाय त्यो.
त्या दिशी तीन खोल्यांना धुरी दिलती,
डोळंबी चुरचुरत हुतं.
हसली, आणि हसता हसता
तोच श्वास पुन्हा, माझ्यासमोर,
फुकट.

निर्मात्याला मी पत्र लिहिलं. उत्तर आलं,
नम्र होतं:
श्वासाला श्रेय द्यायची आपल्याकडं पद्धत नाही.

तेवढे दोन सेकंद कापून मी तिला पाठवले.
दुसरं काय पाठवणार होतो?
तिच्या अल्फियानं ते आईच्या फोनला रिंगटोन लावले.
आता फोन आला की
चाळणीच्या खडखडाटात
कुणीतरी जवळच श्वास घेतं,
अर्ध्यावर अडतं, मग पुढं जातं,
आणि कुणालाच ऐकू येत नाही.
शेडवाले म्हणतात, बाई फोन उचलत नाही.
मीही दोनदा लावून बघितला.