लटारूचं नाक

आमच्या कारखान्यात बिडी न ओढणारा एकच माणूस होता,
आणि तंबाखू मिसळायचं काम त्याच्याकडेच होतं.
लटारू नंदेश्वर, अड्याळच्या अलीकडची टोली.
निपाणीचा किती, गुजरातचा किती,
भट्टीला आच किती हिवाळ्यात, किती श्रावणात,
नाकानं ठरायचं सगळं.
वजनकाटा तो फक्त साक्षीला बोलवायचा.

मी छाट काढणारा पोरगा.
बायांनी आणलेल्या बिड्यांतून
सैल, फाटकी, तोंड उघडं राहिलेली बाजूला टाकायचो.
त्या बघायच्या माझ्याकडे.
तसं पुढे कोणी बघितलं नाही.

तेंदूपानाच्या हंगामात सेठचे जावई आले,
तुर्कस्तानातून एक चपटा डबा घेऊन.
पाइपाचा तंबाखू.
झाकण निघालं तसे तिघं मागे सरकले.
मुनीमजी म्हणाले, जळालेलं चामडं.
ड्रायव्हर म्हणाला, ऊद, पण मयताच्या घरचा.
सेठ म्हणाले, लटारू, हे आपल्या बिडीत आण.

त्यानं गोदामाच्या खिडकीपाशी पेपर पसरला.
बायकोची गोधडीची सुई घेतली
आणि दोन दिवस एकेक तूस उचलून
चार ढीग केले.

तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, नाक पुढं कर.

हे पिवळं. पान अंगठ्याएवढंच असन पाहा.
खडकात वाढलं, पानी नाही भेटलं,
मंग सारा जीव वासातच गेला.
तिखाडी बरडावर कशी घमघमते,
अन् बांधीत लावली का नुसतं गवत. तसं.

हे आंबट. मोहफुलं अंगनात
दुसऱ्या दिवशी सुकतेत, तवाचा वास.
दारू नाही. दारूच्या आधीचा.

अन् हे कारं.
हे उन्हात नाही वाळलं. धुरावर टांगलं, महिनोन्महिने.
लाकूड कोनतं ते नाही समजत.
मोह नाही, सागवान नाही, धावडा नाही.
आपल्याकडं नसलेलं झाड हाये.

एवढं बोलून तो दाराकडे बघत राहिला,
त्या झाडाला आत ये म्हणावं की नाही, असा.

चौथ्या ढिगाचं काही बोलेना. विचारलं तर म्हणे,
हा भात हाये जी. वरनाला भात लागते ना.

मग खरंच करून पाहिलं त्यानं.
चुलीवरच्या दांडीला पानं टांगली, धावड्याच्या धुरात,
घरभर ठसका, पोरं अंगणात जेवली.
चिंधाबाईनं वीस बिड्या वळल्या.
सेठनी एक पेटवली. दुसरी पेटवली नाही.

लटारूला वाईट वाटलं नाही.
तेंदूचं पान मधात बोलते, म्हणाला.
बिडी म्हंजे बैल सोडला अन् पुन्हा जुंपला, तेवढीच.
याले बसाले जागा लागते, संध्याकाळ लागते,
अन् कोनी हाक न मारनारं घर.

डबा परत करताना उलटापालटा करून पाहिला.
दाढीवाल्या राजाचं चित्र, कंपनी, वजन.
तुले इंग्रजी येते, वाच.
मिसळनाऱ्याचं नाव कुठं हाये?

मी खालून वरून वाचलं.
आमच्या पुड्यावर सेठच्या वडिलांचा फोटो असायचा, फेट्यातला.

चांगला मानूस असन, लटारू म्हणाला.
काऱ्यावर हात आवरला त्यानं.
मी असतो तर चिमूटभर जास्त टाकलं असतं.

शेवटची दोन वर्षं त्याला वास येत नव्हता.
कोणाला बोलला नाही. मिसळण तरी बरोबर उतरायची,
बोटांनी करायचा बहुतेक.
मला कळलं ते एकदाच,
पोत्यांमागे घूस मरून पडली होती तेव्हा.
आम्ही सारे नाकाला दुपट्टा लावून बाहेर,
आणि लटारू तिथंच मांडी घालून शिदोरी सोडत होता.
मला पाहून म्हणाला, ये, जेव.

मी आत गेलो. जेवलो.