डावा हात, बोटं सुटी

ग्रिम्स्बीच्या इस्पितळात, तळमजल्यावर, तीन नंबरच्या खोलीत
साडेतीनला हबतोम आला.
बरोबर पॉलीन, त्याला सांभाळणारी बाई.
तिच्या पिशवीत गोठवलेले वाटाणे,
वितळायच्या आत घरी पोचायची घाई.

फॉर्मवर जन्मतारीख: एक जानेवारी.
मी काही बोलले नाही.
माझ्या वडिलांची एक जून आहे.
त्यांचीच काय, जतजवळच्या त्या शाळेतल्या
अख्ख्या वर्गाची एक जून.
गुरुजींनी एका बैठकीत चाळीस पोरं जन्माला घातली
आणि शाई वाळावी म्हणून फुंकर मारली.

डावा हात, म्हटलं. पंजा पालथा, बोटं सुटी.
डावाच का? त्यानं विचारलं.
डावं-उजवं करू नये असं आम्हाला शिकवलेलं,
इथं करावं लागतं. यंत्र डाव्या हातांवरच शिकलंय,
हजारो पोरांच्या.
नखं कुरतडलेली, शाईचे डाग पडलेली ती पोरं
हात काढून घेऊन घरी गेली, मोठी झाली.
आज ती आपल्या लेकरांना धरून रस्ता ओलांडत असतील,
कुणाकुणाचं माप झालोय आपण, त्यांना पत्ता नाही.
हबतोमच्या गावचा एखादा हात असेल त्यात?
मी दोनदा विचारलं होतं. उत्तर आलं नाही.

श्वास रोखायची गरज नसते.
तरी त्यानं रोखला.

पडद्यावर हात उमटला.
मनगटात नदीतल्या गोट्यांसारखी आठ हाडं,
अंगठ्याच्या मुळाशी एक तिळाएवढं,
संक्रांतीला कुणी हातावर ठेवावा
आणि खायचं राहून जावं, तसं.
ते दिसलं की आम्ही म्हणतो, पोर वयात आलं.
आणि मनगटाच्या जरा वर, लांब हाडाच्या टोकाशी,
केसाएवढी काळी फट.
कूर्चा क्ष-किरणांना दिसत नाही.
म्हणजे माणसाचं जे वाढायचं शिल्लक आहे
ते फोटोत काळं येतं,
काहीच नसल्यासारखं.

यंत्राला दोन सेकंद लागले.
सतरा वर्षं, चार महिने.
कुठं निरखून पाहिलं ते तांबड्या डागानं दाखवलं,
काय पाहिलं, ते नाही.
आणि तळाशी, मुंगीच्या अक्षरात, अधिक-उणे.

डॉक्टरांना हा आकडा हवा होता, उंची का खुंटली म्हणून.
कौन्सिलला वेगळ्याच कामासाठी.
त्यांची मेल सकाळीच आलेली: फक्त आकडा कळवावा.
त्या अधिक-उण्यात पॉलीनच्या माडीवरची खोली आहे,
शाळेचा डबा आहे, आणि पलीकडच्या टोकाला
मोठ्या पुरुषांच्या वसतिगृहातली एक खाट.
हात दाखवून अवलक्षण, आई म्हणायची.

काय म्हणालं ते? हबतोमनं पडद्याकडे हनुवटी उडवली.
डॉक्टर सांगतील, म्हटलं.
तो हसला.
उजवा हात डोक्यावरून नेऊन
त्यानं डाव्या कानाची पाळी धरली.
आमच्याकडं मास्तर असं मोजायचे, म्हणाला,
कान लागला की शाळेत.
पहिल्या वर्षी पोचला नाही.
दुसऱ्या वर्षी मी मान जराशी कलती केली.

मी बघतच राहिले.
माझ्या बापानंही मान कलती केली होती,
म्हणून वर्षभर आधी शाळेत बसला
आणि वर्षभर आधी निवृत्त झाला,
पुढं आयुष्यभर सांगत राहिला:
कागदावरचा मी माझ्यापेक्षा म्हातारा आहे.

ती दोघं गेली. मी अहवाल लिहायला घेतला.
सतरा वर्षं चार महिने.
अधिक-उणे मात्र तळाशी ठेवलं नाही,
आकड्याला लागूनच, त्याच मापाच्या अक्षरांत घेतलं.
एवढंच हातात होतं.

फरशीवर वाटाण्यांच्या पिशवीचं पाणी ठिबकलेलं.
पुसलं,
आणि पुढचं नाव पुकारलं.