आरपीएम

त्रिमूर्ती चौकातला पगारे म्हणाला होता, तीनचा आहे.
तीन काय, ते त्याने सांगितलं नाही,
आम्हीही विचारलं नाही.

आज लाइट आल्यावर सहज
सेटिंगमध्ये शिरले.
प्रोसेसर: २.४० गिगाहर्ट्झ.

"म्हणजे सेकंदाला दोनशे चाळीस कोटी ठोके,"
मी पप्पांना म्हटलं.
सातपूरला एकतीस वर्षं लेथवर उभे राहिलेले पप्पा
चहा बशीत ओतत म्हणाले,
"आरपीएम सांग."

गुणिले साठ करायला
मी त्यातलाच कॅल्क्युलेटर उघडला.
उघडायला अकरा सेकंद लागले.

आणि टास्क मॅनेजरमध्ये आत्ताचा वेग
०.७९.
"फसवलं पगारेने."
"जॉब लावलेला नसताना
स्पिंडल कशाला पळेल?"

मग उठले. कॅबिनेटवर पंजा ठेवला,
हेडस्टॉकवर ठेवायचे तसा,
अंगठ्याचं अर्धं पेर नसलेला.
डोळे मिटून ऐकत राहिले.
सिडकोच्या गल्लीत कुणाची तरी स्कूटर
तीनदा किक मारूनही लागेना.

"मशीन बरं आहे.
पंख्याचं बेअरिंग वाजतंय.
पगारेला बोलवू नकोस,
ग्रीस आहे माझ्याकडे.
कंपनीचं."

कंपनी बंद पडून नऊ वर्षं झाली.
डबी अजून अर्धी भरलेली.