शून्य-पाच

तू घरात आलास की मी आधी बूट बघते.
तोंडाचं काय, तोंड तू रेल्वे फाटकापाशीच पुसून आणतोस.
आज बुटांना माती कमी आहे,
म्हणजे दुसऱ्या अर्ध्यात तू बाकावरून उठलाच नाहीस.

"किती?"
"शून्य-पाच."
आणि मोजे सोलता सोलता,
"कोल्हापूरची पोरं होती,"
जणू कोल्हापूर हा एक आजार आहे
आणि तो सगळ्यांनाच होतो.

मिशनच्या शाळेत नऊ वर्षं.
सहा ढाली काचेच्या कपाटात,
कपाटाची किल्ली अजून आपल्याच घरात, जिऱ्याच्या डब्यामागं.
परत द्यायची आहे. मी आठवण करत नाही.
सकाळी साडेपाचला तुझी एक शिट्टी,
की ब्राह्मणपुरीपासून ख्वाजा वस्तीपर्यंतची पोरं
चपला हातात घेऊन पळत यायची.
अल्ताफ बारगीर एकदा ताप घेऊन आला.
थर्मामीटर मीच लावला, एकशे दोन.
तू म्हणालास, डावीकडे उभा राहा, नुसता उभा.
गोल त्यानंच मारला.
मिरजभर सांगितलंस तू ते.
मीही सांगितलं.

मग सांगलीचं कॉलेज. जास्तीचे चार हजार,
टेबलावर पाटी: वाय. एस. आवळे, क्रीडा विभाग.
मैदान केवढं, जाळ्या नव्या, फक्की मारायला वेगळा माणूस.
आणि अकरा पोरं जमवायला अकरा फोन.
एकाचा स्पर्धा परीक्षेचा क्लास,
एकाची डिलिव्हरीची पाळी, गाडीचा हप्ता थकलेला,
चौगुलेला तर नुसते खेळाडूंचे वाढीव गुण हवेत.
तू शिट्टी मारतोस.
ते मान वर करून बघतात कोण आलंय,
आणि परत मोबाइलमध्ये.

काल अल्ताफ आला होता घरी.
दुसऱ्या वर्षाला आहे आता, तुझ्याच संघात, दाढी राखलेली.
तू अंघोळीला गेला होतास.
चहा बशीत ओतूनच प्याला, पूर्वीसारखा.
म्हणाला, "काकू, सरांना सांगू नका,
पण शाळेत मी कशासाठी पळायचो
ते मला ठाऊकच नव्हतं ओ.
सर म्हणायचे पळ, मी पळायचो.
आता पळताना मधेच वाटतं, कुठं?
तेवढ्यात बॉल गेलेला असतो."

सांगितलं नाही मी तुला.

बारा वर्षं मी लहान मुलांच्या वॉर्डात होते.
डोळे वटारले की कडू औषध घशाखाली.
सगळे म्हणायचे, आवळे सिस्टरच्या हाताला गुण आहे.
मग पुरुषांच्या वॉर्डात बदली झाली,
आणि पहिल्याच रात्री तासगावच्या एका म्हाताऱ्यानं
गोळी तळहातावर धरून विचारलं, "ही कशाची?"
नाव येत होतं मला.
कशाची, ते नीट सांगता येईना.
बारा वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.
त्या रात्री मी चिडले त्याच्यावर. दुसऱ्या रात्रीही.
पुस्तक काढलं ते चौथ्या, का पाचव्या.

तू जेवून ताट बाजूला सारलंस
आणि टेबलावर शेंगदाणे मांडतो आहेस. अकरा.
एक उचलतोस, तिथंच ठेवतोस.
ओठ हलतात, कुणाला समजावल्यासारखे,
मग अडतात.
"ह्याला मी डावीकडंच का उभा करतो?"
हे मला नाही,
त्या दाण्यालाच विचारलंस.

रात्रपाळीची वेळ झाली. मी कोटाची बटणं लावते.
शिट्टी खिळ्यावर, दोरी अजून घामानं ओली.
उंबऱ्यातून वळून बघते, तर
डावीकडचा दाणा तू नकळत खाऊन टाकलेला,
आणि उरलेले दहा घेऊन
परत पहिल्यापासून.