लाईन

"लाईन उनी का वं?"
आमच्या गल्लीत सकाळचा पहिला प्रश्न हाच, चहाच्याही आधी.
उनी म्हटलं की पिठाची गिरणी खोकत सुरू,
गयी म्हटलं की दळणाचे डबे ओट्यावर एकामागे एक,
म्हणजे तेही लाईनीतच.

आमचे भिला आप्पा, अमळनेर सबडिव्हिजन,
एकतीस वर्षं लाईनमन.
त्यांना कुणी सांगितलंच नाही
की हा शब्द बाहेरून आलाय.
इंग्रजी म्हणजे साहेबाची सही,
लाईन म्हणजे लाईन.
पाणी म्हणजे पाणी, तसं.

मामा सुरतेला गेला तो तापी लाईनने.
मावशी नांदली पोलीस लाईनीत, एका खोलीत सात जणं.
रॉकेलला लाईन होती, आता आधारला आहे.
चुलतभाऊ चाळिशीत एकदाचा लाईनीला लागला.
अन् दहावीत एक जण माझ्यावर लाईन मारायचा,
दारावरून सायकलची घंटी, उगाच, तीनदा.
आप्पांच्या कानावर गेलं.
ते काहीच बोलले नाहीत.
त्या संध्याकाळी त्याच्या गल्लीची लाईन
दोन तास गेली होती, एवढं मला माहीत आहे.

हेमराजचा पुण्याहून फोन:
आप्पा, दिवाळीला जमत नाही, डेडलाईन आहे.
आप्पा खूश.
"मंग कसानी भीती? डेड शे ना?
चढी जाय बिनधास्त."

हसलो आम्ही सगळे. आप्पा हसले नाहीत.
मेलेली लाईन कुणाला मारत नाही,
मारते ती जिवंत.
परमिट हातात असलं तरी ते तारेला आधी
उलट्या हाताने विचारायचे,
बोटांच्या मागच्या बाजूने, हलकेच,
ताप आलेल्या पोराचं कपाळ बघावं तसं.
झटका बसलाच तर मूठ मिटते, पण तारेवर नाही.
सुकलालने एकदाच सुलट हाताने विचारलं.
मारवडच्या रस्त्याला तो खांब अजून आहे.
आप्पा तिथून जाताना दुसरीकडे बघतात.

नववीच्या तासाला एका पोरीने विचारलं,
मॅडम, लाईन म्हणजे नेमकं काय हो?
फळ्यावर एक रेघ ओढली मी
अन् पुढे सुचेना.
शाळेच्या कपाटात जाड शब्दकोश, वाळवीने कडा खाल्लेला.
त्यात लिहिलं होतं: लॅटिन. लिनेआ. जवसाच्या सुताची दोरी.
गवंडी ती ताणून धरायचे, भिंत सरळ यावी म्हणून.
आधी दोरी होती. रेघ नंतर.
त्याच घरातलं लिनन,
अन् लायनिंगसुद्धा,
ज्याचे आई ब्लाऊजमागे तीस रुपये वेगळे घेते.

घरी येऊन सांगितलं.
आई खलबत्त्यात जवसाची चटणी कुटत होती,
लसूण, तिखट, भाजलेल्या जवसाचा तो तेलकट वास.
तिने मूठभर दाणे तळहातावर घेऊन निरखले.
"याचा कुठं धागा निघतो? येडी का काय.
काड्या तर आपण चुलीत घातल्या, जल्मभर."

आप्पा खाटेवर होते. कान आता कमी.
मी परत सांगितलं, मोठ्याने, जवस, दोरी, रोमन गवंडी.
बराच वेळ गप्प.
मग म्हणाले,
"म्हंजे एकतीस वर्सं मी
तुन्या मायच्या चटणीवर चढत होतो?"
खलबत्ता थांबला. आई पदरात तोंड घालून हसत होती.

तेवढ्यात लाईन गेली.

अंधारात खाटेची करकर:
आप्पा सवयीने उठले, दाराशी गेले,
खालची आळी दिसते का, कुंभारवाडा दिसतो का,
म्हणजे बिघाड फ्यूजचा की फीडरचा.
मागे आईने शिवायला घेतलेलं काही
तसंच मांडीवर ओढलं असावं.
दोऱ्याचं टोक तिने ओठांत ओलं केल्याचा
बारीक आवाज आला.
सुई तिला दिसत नव्हती.
"फीडर," आप्पा दारातून म्हणाले.


"ओवला," आई म्हणाली.